कुशीवर

सगुणाआत्या शेळ्यांशी भांडायची. सकाळी डोळे उघडायच्या आधी माझ्या कानावर यायचं ते हे भांडण. “काल दिसभर कुटं उंडारत व्हतीस गं? आन् आता दूध द्यायला पाय झाडतीस?” शेळी ओरडायची, आत्या तिला उलटं बोलायची, आणि आतल्या खोलीतून आबा, म्हणजे माझे आजोबा, खोकत खोकत म्हणायचे, “सगुने, तिचं बी ऐक जरा.” लोहगडवाडीत आमचं घर पार कडेला होतं. कारवीच्या काटक्यांचा कूड, त्यावर शेणमातीचा लेप, वर कौलं आणि मागच्या अंगाला शेळ्यांचा गोठा. थंडीच्या दिवसांत विसापूरच्या डोंगरामागून ऊन अंगणात उतरायला वेळ लागायचा, तोवर आम्ही सगळे चुलीभोवती. आई तांदळाची भाकरी थापायची. भाकरी फुगली की तिच्यातून जी वाफ निघायची तिचा वास मला अजून कुठल्या भाकरीला आलेला नाही. सोबत पावट्याची आमटी, नाहीतर भाऊंनी, माझ्या वडलांनी, कामशेतच्या बाजारातून आणलेल्या जवळ्याची चटणी. भाऊ रेल्वेच्या कामावर रोजंदारीनं जायचे, त्यामुळे ते पहिली भाकरी उभ्यानंच खाऊन डोंगर उतरायला लागायचे. आत्या मात्र चुलीपासून हातभर लांब, भिंतीला टेकून बसायची. तिची जागा तीच होती. आबांनी ठरवून दिलेली.

आत्या माझ्याहून फक्त आठ वर्षांनी मोठी. मी नववीत होते तेव्हा ती बावीस-तेवीसची असेल. अंगानं दणकट, केस कमरेखाली, आणि बोलायला लागली की समोरच्याला हसू आवरायचं नाही. पण ती एकटी पाण्याला जाऊ शकत नव्हती, चुलीपाशी बसू शकत नव्हती, किल्ल्याच्या पायऱ्या चढू शकत नव्हती. तिला बाराव्या वर्षापासून फेपरं येत होतं. शहरात फिट म्हणतात, कुणी आकडी म्हणतं, आमच्याकडे फेपरं. महिना-दोन महिन्यांतून एकदा ती बोलता बोलता मध्येच थांबायची, मान एका बाजूला वळायची, घशातून एक आवाज निघायचा आणि ती ताठ होऊन पडायची. मग हातपाय झटके द्यायला लागायचे. तिची आई, म्हणजे माझी आजी, आत्या लहान असतानाच गेलेली. आबांनीच तिला वाढवली, तिची वेणीसुद्धा तेच घालायचे. त्यामुळे ती पडली की आबांचा जीव जायचा आणि मग आमच्या घरात जे सुरू व्हायचं ते आज आठवलं तरी मी डोळे मिटून घेते.

चौघं जण तिचे हातपाय दाबून धरायचे. कुणीतरी पायातली चप्पल काढून तिच्या नाकाशी धरायचं. शेजारची पारूकाकू तिच्या मुठीत किल्ली कोंबायची. आबा दातखीळ उघडायला चमचा घेऊन बसायचे. आणि मी, अगदी सहा-सात वर्षांची असल्यापासून, कांदा फोडून आणायची. ते माझं काम होतं. यातलं कुणीही दुष्ट नव्हतं, हे मला आज मुद्दाम लिहायचं आहे. सगळे घाबरलेले होते आणि सगळ्यांना ती हवी होती. पण एका वेळी चमच्यानं तिचा पुढचा दात तुटला. दुसऱ्या एका वेळी कुणीतरी शुद्धीवर यायच्या आधीच तोंडात पाणी ओतलं आणि तिला असा ठसका लागला की आम्ही सगळे रडायला लागलो. शुद्धीवर आली की आत्या आधी आपलं लुगडं चाचपून बघायची, ओलं झालंय का म्हणून. मग दोन-दोन दिवस कुणाच्या तोंडाकडे बघायची नाही. शेळ्यांशीसुद्धा बोलायची नाही. त्या दोन दिवसांत घर इतकं गप्प असायचं की मला शाळेतून परत यावंसं वाटायचं नाही.

रविवारी मात्र वाडीला जाग असायची. पुण्याहून आलेली कॉलेजची पोरं मळवली स्टेशनला उतरून चालत वर यायची. आता लोहगडवाडीत गाड्या लावायला जागा मिळत नाही आणि टपऱ्यांच्या रांगेत शीतपेयांचे फ्रीज आहेत. तेव्हा आमची एकच टपरी, चार मेढी, वर पेंढा, खाली चूल आणि एक डगमगतं टेबल. ताक, काकडी, पिठलं-भाकरी. आई आणि मी ती चालवायचो. आत्याला तिथे यायचं होतं. दर शनिवारी ती आईला म्हणायची, “वैनी, उद्या मला ने. मी चुलीपाशी बसनार न्हाई, निसतं ताक वाढीन.” आई आबांकडे बघायची आणि आबा मान हलवायचे. “लोकांम्होरं पडली तर?” एवढंच म्हणायचे. आत्या मग रविवारचा सगळा दिवस गोठ्याच्या दारात बसून, खालून येणाऱ्या पोरांचं बोलणं-हसणं ऐकत असायची.

महिन्यातून एकदा खालच्या उपकेंद्रातून नर्सबाई यायच्या, लहान मुलांना लस टोचायला. उंच, सावळ्या, खणखणीत आवाजाच्या. डोंगर चढून आल्या की आमच्याकडे चहा घ्यायच्या. त्या वर्षी नवरात्र संपल्यावर आल्या तेव्हा चहा आत्यानं दिला. बाईंनी तिच्या तोंडाकडे बघून विचारलं, “पुढचा दात कशानं गेला गं?” आत्या आत निघून गेली. मग मी सांगितलं. बाईंनी कपबशी खाली ठेवली.

“तुटलेला दात बाहेर पडला होता का?”

“व्हय. रगतात सापडला.”

“आत श्वासनळीत गेला असता तर पोरगी त्याच दिवशी गेली असती. फेपऱ्यानं नाही, तुमच्या चमच्यानं.”

मला रडू यायला लागलं. बाई माझ्यावर रागावल्या नाहीत. लशीची पेटी माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, “चल, खिंडीपर्यंत पोचव मला.” त्या वाटेवर त्यांनी जे सांगितलं ते मी शाळेतल्या कुठल्याही धड्यापेक्षा नीट ऐकलं. म्हणाल्या, तिला दाबून धरायचं नाही, झटके जोरानं थांबवता येत नाहीत, उलट खांदा निखळतो. आसपास दगड, विस्तव, काही लागणारं असेल तर ते बाजूला करायचं. डोक्याखाली मऊ काहीतरी सरकवायचं, गळ्याशी काही घट्ट असेल तर सैल करायचं. आणि कुशीवर वळवायचं, म्हणजे तोंडातली लाळ बाहेर येते, घशात उतरत नाही.

“आन् दातखीळ?” मी विचारलं.

“बसू दे. आपोआप सुटते. जीभ कुणी गिळत नसतं. तोंडात बोट नाही, चमचा नाही, पुरती शुद्ध येईपर्यंत पाणीसुद्धा नाही.”

“आन् चप्पल?”

“चप्पल पायात घाल,” बाई म्हणाल्या आणि पहिल्यांदाच हसल्या. मग थांबून मला नीट समोर उभं करून म्हणाल्या, “आणि वेळ बघायची. बहुतेक वेळा दोन-तीन मिनिटांत थांबतं. पाच मिनिटं होऊन गेली तरी थांबलं नाही, किंवा शुद्ध यायच्या आत दुसरं सुरू झालं, तर वाट बघायची नाही, उचलून दवाखाना गाठायचा. घड्याळ नसेल तर आकडे मोज. आणि तिला तळेगावच्या मोठ्या दवाखान्यात आणा. याला गोळ्या असतात. हे भूत नाही, बाहेरचं काही नाही. मेंदूतला आजार आहे.”

संध्याकाळी मी हे सगळं आबांना सांगितलं. आबा बिडी ओढत ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, “ती बाई म्हैन्यातनं एकदा येनार. पोरगी माझी हाय.” विषय संपला. पण आतल्या अंधारात आत्या बसली होती आणि तिनं सगळं ऐकलं होतं. निजताना तिनं माझा हात घट्ट धरला आणि म्हणाली, “शांते, मला पुना एकदा सांग.” मी पुन्हा सांगितलं.

मग तो रविवार आला. आई तीन दिवस तापानं फणफणलेली होती. भाऊ कामावर. सकाळीच खालून निरोप आला की कॉलेजची वीस-पंचवीस जणांची टोळी येतेय आणि सगळ्यांना पिठलं-भाकरी हवी आहे. मी एकटी काय करणार होते? आत्या न विचारताच डोक्याला पदर बांधून तयार झाली. आबा दारात उभे राहिले. मग आबा म्हणाले, “मी बी येतो,” आणि काठी घेऊन आमच्या पुढं चालायला लागले.

ती सकाळ किती चांगली गेली! आत्यानं टपरी अशी काही ताब्यात घेतली की मला वाटलं, ही रोज इथंच असते. कुणाला ताकात मीठ कमी, कुणाला ठेचा तिखट, सगळ्यांना तिचं उत्तर तयार. “पुन्याच्या मान्सानं ठेचा खाऊन रडायचं असतं, त्याशिवाय गड चढत न्हाई,” असं ती एकाला म्हणाली आणि अख्खी टोळी हसली. भाकऱ्या मी थापत होते. आबा टेबलाच्या कडेला बसून सगळा वेळ तिच्याकडेच बघत होते, आणि त्यांचा चेहरा हळूहळू सैल होत चालला होता. ती शेवटच्या काकड्या चिरत होती. निळा स्वेटर घातलेल्या एका मुलीनं तिला विचारलं, “किल्ल्यावर किती वेळ लागेल?” आत्या म्हणाली, “तुमी जाल आर्ध्या…” आणि थांबली. विळीवरून तिचा हात उचलला गेला तो तसाच हवेत राहिला. मान वळली. तो आवाज आला.

ती माझ्याच बाजूला पडली, डोकं चुलीपासून दीड-दोन हातांवर. मी काय केलं ते मला तुकड्या-तुकड्यांत आठवतं. विळी पायानं लांब ढकलली. तिच्या काखेत हात घालून तिला मागे ओढलं, कुठून बळ आलं कोण जाणे. अंगावरची शाल काढून घडी करून डोक्याखाली सरकवली. तोवर पारूकाकू ओरडत आली होती, “चप्पल द्या, चप्पल!” दोन पोरांनी आत्याचे हात दाबून धरले होते. आणि आबा. आबांच्या हातात चुलीजवळचं लोखंडी उलथनं होतं.

“सोडा तिला!” मी त्या पोरांवर ओरडले. “कुनी धरायचं न्हाई. सरका!” ती सरकली. मग मी आबांचं मनगट धरलं. माझ्या आयुष्यात मी आबांना कधी उलटून बोलले नव्हते.

“आबा, न्हाई.”

“तिची दातखीळ…”

“आपसूक सुटंल. मागं दात तुटला तो गळ्यात गेला असता तर? आबा, तुमच्या पाया पडते, ते खाली ठेवा.”

त्यांनी मला ढकललं असतं तर मी बाजूला पडले असते. त्यांनी ढकललं नाही. उलथनं खाली पडल्याचा आवाज मी ऐकला, पण तिकडे बघितलं नाही. मी आत्याला कुशीवर वळवत होते. ती ताठ होती, जड होती, पहिल्यांदा वळवली ती परत उताणी झाली. मग मी माझे गुडघे तिच्या पाठीला टेकवून आधार दिला. तोंडातून फेस आणि थोडं रक्त बाहेर आलं, जमिनीवर सांडलं. बाहेर. घशात नाही. मी निळा स्वेटर घातलेल्या त्या मुलीला म्हणाले, “ताई, घड्याळ हाय ना? बघा किती मिनटं व्हतात.”

“एक झालं,” ती म्हणाली.

नर्सबाईंनी सगळं सांगितलं होतं, पण ओठ निळे पडतील हे सांगितलं नव्हतं. किंवा सांगितलं असेल आणि मी विसरले असेन. आत्याचे ओठ जांभळासारखे झाले. मी आबांना थांबवलं होतं. सगळ्यांना थांबवलं होतं. आता हिला काही झालं तर ते माझ्यामुळे. “दोन,” ती मुलगी म्हणाली. पारूकाकू रडत होती, “अगं, कायतरी करा, मरंल ती.” माझा हात कांद्याच्या टोपलीकडे जायला निघाला होता, खोटं कशाला सांगू. तो मी आत्याच्या पाठीवरच ठेवला. दोनच्या पुढचा तो वेळ, आजवर इतका लांब वेळ मी पाहिला नाही, बाळंतपणातसुद्धा नाही. मग झटके विरळ झाले. एक. मग बऱ्याच वेळानं एक. मग थांबले. आणि आत्यानं एक खोल, घरघरता श्वास घेतला, मग दुसरा, आणि ओठांवर हळूहळू रंग परत आला.

“तीन मिनिटं आणि काही सेकंद,” ती मुलगी म्हणाली. मग आत्याच्या ओल्या लुगड्याकडे तिचं लक्ष गेलं. तिनं आपल्या पिशवीतली चादर काढून आत्याच्या अंगावर घातली आणि सगळ्या टोळीला म्हणाली, “पाठ करून उभे राहा. सगळे.” वीस-पंचवीस पोरं-पोरी आमच्याकडे पाठ करून भिंतीसारखी उभी राहिली. तिचं नाव मी विचारलं नाही, याची हळहळ मला आजही वाटते.

आत्यानं डोळे उघडले तेव्हा तिनं आधी मला ओळखलं नाही. मी तिला काही विचारलं नाही, नुसती म्हणत राहिले, “आत्या, मी शांता. हितंच हाय.” बराच वेळ गेला. मग तिची नजर माझ्यावर थांबली, आसपास फिरली, पाठ करून उभ्या असलेल्या पोरांवर गेली, अंगावरच्या चादरीवर आली. तिनं लुगडं चाचपलं नाही. जड जिभेनं ती म्हणाली, “शांते, आज चपलेचा वास न्हाई आला.” आणि तेव्हा मी रडले.

पुढचं आत्ताच सांगून टाकते, म्हणजे वाचणाऱ्याला काळजी नको. त्याच आठवड्यात भाऊंनी खाडा करून तिला तळेगावला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी डोक्याला तारा लावून तपासलं, गोळ्या दिल्या. पहिल्या गोळ्यांनी ती दिवसभर पेंगायची, मग बदलून दिल्या. वर्षभरात फेपरं जवळपास गेलंच. मध्ये एकदा गोळ्या संपल्या म्हणून दोन दिवस खाल्ल्या नाहीत तर लगेच आलं, तेव्हापासून तिनं एकही दिवस चुकवला नाही. लग्न केलं नाही. नको म्हणाली, आणि आबांनीही पुन्हा विचारलं नाही. पुढची तीस वर्षं ती टपरी तिनं चालवली, चुलीपाशी बसून. मी लग्न होऊन तळेगावला आले, आता आमच्याभोवती सगळ्या सोसायट्याच आहेत. मागल्या वर्षी आमच्याच सोसायटीत गणपतीच्या आरतीला एक तरणा मुलगा फिट येऊन पडला आणि शिकलेली, नोकऱ्या करणारी माणसं चपला काढायला लागली. मी साठीतली बाई त्या गर्दीत घुसले आणि नववीतल्या शांतेसारखी ओरडले, “सोडा त्याला, सरका!” गुडघे त्याच्या पाठीला टेकवून बसले. अडीच मिनिटांत थांबलं. घरी येऊन आत्याला फोन केला तर तिनं पहिलं विचारलं, “त्याच्या अंगावर कायतरी घातलंस का?” मी म्हणाले, घातलं.

पण मला त्या रविवारची दुपार सांगायची आहे. आत्याला आम्ही घरी आणलं, ती घोंगडीवर गाढ झोपली. आईला तापातच सगळं कळलं होतं, ती तिच्या उशाशी बसून होती. पारूकाकू दारात. आबा बाहेर अंगणात एकटेच बसले होते, बिडीसुद्धा न पेटवता. मला वाटलं, रागावलेत. मी जवळ गेले तर त्यांनी वर न बघता विचारलं, “कुशीवर म्हंजे कुंच्या कुशीवर?”

“कुटल्या बी, आबा. लाळ भाईर आली पायजे.”

“आन् हात? खालचा हात कुटं ठिवायचा?”

मी सांगायला लागले, पण त्यांना कळेना. मग ते उठले, आत आले, आत्याच्या शेजारची दुसरी घोंगडी ओढली आणि त्यावर उताणे आडवे झाले. “मी पडलो असं समज,” म्हणाले. “आता मला फिरीव. तू घरात नसलीस तर मला याया पायजे.” मी त्यांचा एक हात पुढे घेतला, गुडघा दुमडला आणि कुशीवर वळवायला लागले. आबांना वाटलं, आपण फारच सैल पडलोय, खऱ्यासारखं पाहिजे, म्हणून त्यांनी अंग ताठ केलं, डोळे मिटले आणि दोन-चार झटके दिले. दारातून पारूकाकूनं किंकाळी फोडली, “अगं बया, म्हाताऱ्याला बी आलं!” आणि पायातली चप्पल काढायला वाकली.

त्या आरड्यानं आत्या जागी झाली. तिनं मान उचलून बघितलं. म्हातारा बाप घोंगडीवर ताठ, मी त्याच्या पाठीला गुडघे लावून बसलेली, काकूच्या हातात चप्पल.

“आबा,” ती म्हणाली, “माझं आसं दिसतं व्हय?”

आणि ती हसायला लागली. आधी हळू, मग तोंडावर हात धरून, मग हात काढून, दात तुटलेल्या तोंडानं, मोठ्यानं. आई तापात हसायला लागली, मी हसायला लागले. फक्त आबा हसले नाहीत. डोळे मिटलेलेच ठेवून, कुशीवर पडल्या पडल्या ते गंभीरपणे म्हणाले, “बोलू नगा कुनी. आजून पाच मिनटं झाली न्हाईत.”